देहाचा विनोद व देहानें केलेला विनोद

आमच्या मराठी टीकेनें विनोदाचा विचार पुष्कळ केला आहे. परंतु तो बहुतेक शब्दांतील विनोदाचा. न. चिं. केळकरांच्या ‘सुभाषित आणि विनोद’ या ग्रंथापासून कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’वर झालेल्या चर्चेपर्यंत पाहिलें, तर कोटि, अतिशयोक्ति, उपरोध व विडंबन यांची चिकित्सा जागोजागीं सांपडते. गडकऱ्यांच्या कोट्या आम्हांस पाठ असतात; चिमणरावाची फजिती आम्ही घरांत एकमेकांस वाचून दाखवितों. पण नट रंगभूमीवर पाय घसरून पडतो आणि सारें नाट्यगृह हंसतें, त्या पडण्याला कांहीं शास्त्र आहे काय, चांगलें पडणें कोणतें व वाईट कोणतें, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्याजोगा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पडणें हें विदूषकाचें काम, आणि त्याची किंमत प्रेक्षकांच्या हंशानें ठरावयाची, अशी आमची समजूत. त्यांतून पडणारी स्त्री असली म्हणजे तर टीकाकार मान दुसरीकडे वळवितो.

मींहि ती वळविली आहे, आणि या लेखाचें कारण तेंच आहे.

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत एकपात्री अभिनयाच्या स्पर्धेस मी परीक्षक होतों. कळमेश्वराजवळच्या एका खेड्यांतून एस. टी.नें जा-ये करणाऱ्या एका विद्यार्थिनीनें दहा मिनिटांचा प्रवेश केला. नळाला पाणी आलें आहे. डोक्यावर एक गुंड, कमरेवर दुसरा. कान आणि खांदा यांच्यामध्यें दाबून धरलेला मोबाइल. आणि फोनवर, मुलगी पाहावयास येणारे पाहुणे वेशीपाशीं पोंचल्याची वर्दी. शेवटीं ओल्या ओसरीवर तिचा पाय घसरतो आणि सर्व कांहीं सांवरतां सांवरतां ती स्वतः पडते. रंगमंचावर गुंड नव्हता, फोन नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता. मुलांनीं सभागृह डोक्यावर घेतलें. मीं गुणपत्रिकेंत लिहिलें: ‘आवाज उत्तम; अंगविक्षेप अतिरिक्त; स्त्रीपात्रास अशोभनीय.’ तिला पारितोषिक मिळालें नाहीं. निकालानंतर ती माझ्याकडे आली आणि शांतपणें म्हणाली, “सर, मी चुकून नाही पडली. पडायचं तीन आठवडे शिकली.” मग थोडें थांबून, “हेच एखाद्या पोरानं केलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?”

या प्रश्नाचें उत्तर मला तेथें देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भरतानें हास्यरसाचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद केले आहेत. पात्र स्वतः हंसतें तेव्हां आत्मस्थ. दुसऱ्यास हंसवितें तेव्हां परस्थ. पुढें तो हंसण्याच्या सहा पायऱ्या मांडतो: स्मित व हसित उत्तम प्रकृतीचीं, विहसित व उपहसित मध्यमांचीं, अपहसित व अतिहसित अधमांचीं. आणि याच ठिकाणीं त्यानें असेंहि सांगून ठेविलें आहे कीं, हा रस स्त्रिया व नीच प्रकृतीचीं पात्रें यांच्या ठायीं विशेष दिसतो. हें वाचून आजच्या वाचकास राग येईल, व तो यावा हें योग्यच आहे. परंतु त्या रागापलीकडे एक चमत्कारिक विसंगति उभी आहे. ज्या परंपरेनें स्त्री हें हास्याचें खास स्थान मानिलें, तिनेंच हास्य उत्पन्न करण्याचा अधिकार मात्र स्त्रीस दीर्घ काळ दिला नाहीं. स्त्रीचें हंसें व्हावयाचें असेल तेव्हां पुरुष लुगडें नेसून उभा राही.

आमच्या नागपूर जिल्ह्यांत ज्यांनीं खडी गंमत पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. दिवाळीनंतर गांवोगांवीं मंडई भरते, त्या वेळीं रात्र रात्र हा खेळ चाले. ढोलकी, डफ व तुणतुणें यांच्या साथींत शाहीर उभ्यानेंच गात, आणि मध्यें नाच्या येई. माझ्या लहानपणीं आम्ही पोरें त्याचीच वाट पाहत असूं. पदर सांवरणें, कंबर मुरडणें, लाजून तोंड झांकणें, या प्रत्येक हालचालीला हंशा ठरलेला. तो हंशा कशाला होता याचा विचार आतां केला तर असें दिसतें कीं, तो पुरुष आणि लुगडें यांच्यामधील अंतराला होता. नाच्या हुबेहूब स्त्री दिसूं लागला कीं प्रेक्षक हंसत नसत, मोहित होत. पदराखालून दाढीची निळी सांवली दिसली कीं पुन्हां हंसत. यांत नटाचें कौशल्य नव्हतें असें नाहीं, पुष्कळ होतें. परंतु त्या सगळ्या खेळांत जिच्यावर हंसावयाचें ती स्त्री हजर नव्हती, आणि म्हणून तिचें म्हणणेंहि हजर नव्हतें.

भरतानेंच अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्य म्हणजे वेषभूषेचा, आंगिक म्हणजे अवयवांच्या हालचालींचा. नाच्याचा विनोद हालचालींनीं सजलेला असला तरी त्याचें मूळ आहार्य आहे. वेष काढला कीं विनोद संपला. हा भेद हातीं घेतला म्हणजे आपणांस स्त्रियांच्या विनोदी अभिनयाकडे नीट पाहतां येतें. एक विनोद देहाचा असतो: देह जाड आहे, ठेंगणा आहे, काळा आहे, पुरुषाचा असून साडींत आहे. दुसरा विनोद देहानें केलेला असतो: तोच देह कांहीं तरी करतो, योजून करतो, आणि तें पाहून आपण हंसतों. पहिल्यांत देह हा विषय आहे, दुसऱ्यांत तो साधन आहे. पहिल्याला देह असणें पुरें. दुसऱ्याला विद्या लागते.

मूकपटांचा काळ सरून स्त्रिया बोलपटांत स्थिर झाल्या, तरी हिंदी चित्रपटानें त्यांना प्रथम दिला तो पहिल्या प्रकारचाच विनोद. उमादेवी खत्री, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या टुणटुण, या १९४७ च्या ‘दर्द’ चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून पुढें आल्या, आणि १९५० च्या ‘बाबुल’पासून विनोदी नटी झाल्या. त्यांचा आवाज व वेळेचें भान हीं दोन्ही पक्कीं होतीं. परंतु लेखकांनीं त्यांच्यासाठीं लिहिलें काय? बहुधा त्यांचा प्रवेश हाच विनोद. त्या दारांत उभ्या राहिल्या कीं प्रेक्षक हंसले, आणि पुढें करावयास कांहीं उरलें नाहीं. गुणी नटीला तिच्याच देहाच्या आंत कोंडून ठेवण्याचा हा प्रकार होता.

या पार्श्वभूमीवर शुभा खोटे यांचें आगमन मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. त्यांचा जन्म १९३७ चा, मुंबईंतील एका नाट्यप्रिय मराठी घरांतला. वडील नंदू खोटे रंगभूमीवर व मूकपटांत कामें करीत. चुलती दुर्गा खोटे यांनीं १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत तारामती होऊन प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांची चित्रपटाविषयींची भीति मोडली. धाकटे बंधु विजू खोटे ‘शोले’मधील कालिया म्हणून घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीनें या वंशावळीपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चित्रपटांत येण्यापूर्वीं शुभाबाई पोहण्याच्या व सायकलच्या शर्यतींत विजेत्या म्हणून गाजलेल्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्यापुढें उभें राहण्याच्या आधींच त्यांचा देह शिकलेला होता. तोल म्हणजे काय, वेग म्हणजे काय, दम कोठें राखावा व कोठें सोडावा, हें त्यांस पुस्तकानें नव्हे तर पाण्यानें व रस्त्यानें शिकविलें होतें.

१९५५ मध्यें अमिय चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’ चित्रपटांत नूतन यांनीं केलेल्या गौरीची सोबतीण पुतली म्हणून त्या प्रथम दिसल्या. या चित्रपटांतील त्यांचा सायकलवरून केलेला पाठलाग जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणांत आहे. आमच्या चित्रपटांत नायिका आणि तिच्या मैत्रिणी सायकली घेऊन निघतात तेव्हां बहुधा सहल असते, गाणें असतें, ओढणी वाऱ्यावर उडत असते. सायकल हा तेथें एक अलंकार असतो. पुतलीची सायकल हें वाहन आहे. तिचे पाय काम करणारे पाय आहेत. आपण कशा दिसतों याची पर्वा न करितां ती एका माणसाला गांठावयास निघाली आहे. हा प्रसंग प्रथमदर्शनीं विनोदी म्हणतां येणार नाहीं. पण स्त्रीच्या आंगिक विनोदाचा पाया त्यांतच आहे. जी स्त्री आपण सुंदर दिसतों कीं नाहीं हें घटकाभर विसरूं शकते, तिलाच हंसवितां येतें. पडद्यावर सौंदर्याचा पहारा एकदां उठला कीं मग देह मोकळेपणानें बोलूं लागतो.

त्यांचा आवांका केवळ विनोदापुरता नव्हता. १९५७ च्या ‘पेइंग गेस्ट’मधील चंचल ही स्वार्थी व घातकी स्त्री त्यांनींच उभी केली, आणि १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’मध्यें नायिकेची कठोर आईहि त्यांचीच. तथापि लोकांच्या मनांत त्या राहिल्या त्या मेहमूद व आपले धुमाळ यांच्याबरोबरच्या त्रिकुटामुळें. ‘ससुराल’ (१९६१), ‘गृहस्थी’ (१९६३), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६), अशी ही मालिका पुष्कळ वर्षें चालली. उपकथानकाचा सांचा ठरलेला: खटपट्या प्रियकर, आढ्यताखोर बाप आणि दोघांच्या मध्यें मुलगी.

या त्रिकुटांत शुभाबाईंचें काम बिजागरीचें होतें. बिजागरी दिसत नाहीं, पण दार तिच्यावरच फिरतें. बापाकडे तोंड असतां आज्ञाधारक कन्या. बापाची पाठ फिरली कीं निराळीच व्यक्ति. आणि तो पुन्हां वळेपर्यंत पहिली मुद्रा जागच्या जागीं. हें मुद्रांतर किती वेगानें आणि किती स्वच्छ व्हावें याचें गणित असतें. अर्धा क्षण उशीर झाला तर बाप मूर्ख वाटतो, अर्धा क्षण आधीं झालें तर मुलगी कपटी वाटते. शुभाबाई त्या क्षणावर नेमक्या असत. मेहमूद यांचा विनोद पसरट व उसळता, धुमाळ यांचा जड व फुगलेला. या दोन टोंकांना एकाच दृश्यांत बांधून ठेवण्याचें काम ही नटी करी.

परंतु टीकाकारानें येथेंच थांबून चालणार नाहीं. या चित्रपटांनीं शुभाबाईंच्या शिकलेल्या देहाचा उपयोग किती केला? खेदानें म्हणावें लागतें कीं फार थोडा. जिनें सायकलच्या शर्यती जिंकल्या तिच्या पायांना पुढें दहा वर्षें मुख्यतः नाचगाण्यांतच काम मिळालें. पडणें, धडपडणें, वेषांतर करणें, खिडकींतून उड्या टाकणें हीं सगळीं सुखें मेहमूद यांच्या वांट्यास. ‘लव्ह इन टोकियो’मध्यें तर हा अन्याय अगदीं उघडा पडतो. चित्रपटाच्या हाताशीं एक खरीखुरी विनोदी नटी आहे; पण जपानी गेइशा होऊन हंसवावयाची वेळ आली तेव्हां किमोनो चढवितात मेहमूद! मंडईंतला नाच्या रंगीत चित्रपटांत, तोहि परदेशीं जाऊन, पुन्हां उभा राहिला. मेहमूद यांच्या कलेविषयीं मला आदर आहे आणि तो प्रसंग पाहून मीहि हंसलों आहें. परंतु खरी स्त्री बाजूस उभी असतां स्त्रीच्या हालचालींचा विनोद पुरुषाकडे जावा, यांत आमच्या रसिकतेचा इतिहास सामावलेला आहे. स्त्री धडपडली तर आम्ही दचकतों. पुरुष स्त्री होऊन धडपडला तर आम्ही निर्धास्त हंसतों.

ज्या देशांत असें झालें नाहीं तेथें काय घडलें, हें पाहण्यासाठीं ल्युसिल बॉल या अमेरिकन नटीकडे वळलें पाहिजे. न्यूयॉर्क राज्यांतील जेम्सटाउन गांवीं १९११ मध्यें जन्मलेली ही स्त्री चाळिशीपर्यंत हॉलिवुडच्या दुय्यम चित्रपटांत वावरत होती. मूकपटांचा थोर विदूषक बस्टर कीटन याच्याकडून तिनें वस्तूंशीं खेळण्याचें शिक्षण घेतलें. १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं ‘आय लव्ह लुसी’ ही प्रसंगविनोदी मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि १९५७ पर्यंत तिचे १८० भाग झाले. सगळें कथानक एका वाक्यांत सांगतां येईल: वाद्यवृंद चालविणाऱ्या नवऱ्याची बायको लुसी हिला घरांत बसावयाचें नाहीं, ती दर आठवड्यास कांहीं युक्ति काढते आणि दर आठवड्यास फसते.

१९५२ च्या सप्टेंबरांत दाखविलेला चॉकलेटच्या कारखान्याचा भाग घ्या. लुसी आणि तिची शेजारीण एथेल (ही भूमिका व्हिव्हियन व्हॅन्स हिची) सरकत्या पट्ट्यापाशीं उभ्या आहेत. पट्ट्यावरून येणारें प्रत्येक चॉकलेट कागदांत गुंडाळावयाचें. एक जरी सुटलें तरी नोकरी गेली. आरंभीं पट्टा संथ, दोघी खुशींत. मग वेग वाढतो. प्रथम हात घाई करितात; मग चॉकलेटें तोंडांत जातात, मग टोपींत, मग पोलक्यांत. देखरेख करणारी बाई येऊन पाहते तों पट्टा स्वच्छ! ती प्रसन्न होते आणि पट्टा आणखी जोरांत सोडण्याचा हुकूम देते.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानें १९०० मध्यें प्रसिद्ध केलेल्या हास्यावरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, सजीव माणूस यंत्रासारखा वागूं लागला म्हणजे आपण हंसतों. रस्त्यांत खड्डा आला तरी पाय पूर्वीच्याच गतीनें पुढें पडतो आणि माणूस कोसळतो. तें ताठपण हास्यास्पद. पुष्कळ विनोदाला हा सिद्धांत लागू पडतो. परंतु वरील प्रसंगाला तो उलटा करून लावावा लागतो. येथें यंत्र खरोखरचें यंत्र आहे, आणि त्याच्यापुढें उभी असलेली बाई क्षणोक्षणीं नवा उपाय शोधणारी, पराकाष्ठेची सजीव आहे. तोंड, टोपी, पोलकें, हा क्रम वेडेपणाचा नाहीं. ज्या गृहिणीनें एका हातानें पोळी उलटून दुसऱ्या हातानें रडतें मूल धरलें आहे, तिला त्यांतील तर्क तत्काळ कळतो. आपण लुसीच्या ताठपणाला हंसत नाहीं. तिच्या अक्कलहुशारीला आणि त्या हुशारीच्या पराभवाला एकदमच हंसतों. हा देहानें केलेला विनोद.

त्याच वर्षाच्या मे महिन्यांतील एका भागांत ती कसल्याशा शक्तिवर्धक औषधाची जाहिरात करते. औषध बेचव आणि मद्ययुक्त. आणि तालमीसाठीं प्रत्येक वेळीं चमचाभर घ्यावयाचें. पहिल्या चमच्याला चेहरा आंबतो, पण ओठांना हंसण्याची आज्ञा आहे. पुढें पुढें आंबलेपण जातें, हंसूं खरें होतें, आणि शब्द मात्र एकमेकांवर आदळूं लागतात. एकाच चेहऱ्याच्या वरच्या व खालच्या भागांत चाललेलें हें भांडण पाहिलें म्हणजे मुद्राभिनय कशाला म्हणतात तें समजतें.

ही कला केवळ प्रतिभेवर उभी राहिली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तिच्यामागें व्यवस्था होती. ल्युसिलनें नवरा डेसी अर्नाझ याच्याबरोबर स्वतःची ‘डेसिलू’ ही संस्था काढली होती. प्रेक्षक समोर बसवून, नाटकासारखा सलग प्रवेश करून, तीन कॅमेऱ्यांनीं तो फिल्मवर टिपावयाचा, ही पद्धति त्यांनीं कार्ल फ्रॉइंड या जर्मन छायालेखकाच्या साह्यानें बसविली. तोच फ्रॉइंड, ज्यानें १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटावर काम केलें होतें. यामुळें दोन गोष्टी साधल्या. समोरच्या हंशाला ओळखून नटीला आपली गति कमीअधिक करितां आली, आणि तिचा देह डोक्यापासून पायापर्यंत अखंड दिसला. धडपडणारा देह तुकड्यातुकड्यांनीं दाखविला कीं त्यांतील विनोद मरतो, कारण तोल हा सगळ्या अंगाचा असतो. आमच्या चित्रपटांनीं शुभाबाईंचा चेहरा दाखविला. पायांना विचारलें नाहीं. आणखी एक गोष्ट: १९ जानेवारी १९५३ रोजीं लुसीच्या प्रसूतीचा भाग दाखविला गेला, आणि त्याच दिवशीं ल्युसिल खरोखरच पुत्रवती झाली. ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ शब्दहि त्या मालिकेंत उच्चारावयाची बंदी होती. तरी जड पोटानें खुर्चींतून उठणारी स्त्री त्या देशानें हंसत हंसत, प्रेमानें पाहिली. शब्दाला जी मुभा नव्हती ती देहानें मिळविली.

या ठिकाणीं दोन आक्षेप संभवतात. पहिला मर्यादेचा, म्हणजे गुणपत्रिकेंत मीं लिहिला तो. त्याचें उत्तर असें कीं, अशोभनीय काय हें ठरवितांना आम्ही दोन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दांत गुंडाळल्या आहेत. स्त्रीचा देह बाजारांत मांडणें ही एक गोष्ट. स्त्रीनें आपला देह हत्यारासारखा चालविणें ही दुसरी. पहिलीकडे आम्ही चित्रपटांत निमूटपणें पाहत बसतों आणि दुसरीला अशोभनीय म्हणतों. वस्तुतः ओल्या ओसरीवर गुंड सांवरीत पडणाऱ्या मुलीच्या देहांत श्रम दिसतात, शृंगार दिसत नाहीं. कदाचित् आम्हांस खुपतात ते श्रमच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लुसी नेहमीं हरते आणि नेहमीं घरीं परत येते. मग या विनोदानें स्त्रीला दिलें काय? तिच्या धडपडीला शिक्षा म्हणूनच आपण हंसतों ना? मला वाटतें, येथें कथानक व अभिनय हीं निराळीं तोललीं पाहिजेत. कथानकांत लुसी हरते. परंतु ती हार इतक्या कसबानें वठविणारी स्त्री प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर जिंकत असते. जॉर्ज मेरेडिथ यानें १८७७ च्या आपल्या व्याख्यानांत म्हटलें होतें कीं, जेथें स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीनें उभ्या असतात तेथेंच उच्च सुखात्मिका वाढते. मेरेडिथच्या मनांत संभाषणचतुर स्त्रिया होत्या. पडणाऱ्या, घसरणाऱ्या नव्हेत. पण त्याचा नियम पडण्यालाहि लागू आहे. पडून पुन्हां उठण्याचा हक्क ज्याला आहे त्याचेंच पडणें विनोदी होतें. ज्याला तो नाहीं त्याचें पडणें करुण असतें. समाजांत स्त्रीच्या एका चुकीला क्षमा नसेल तर रंगभूमीवर तिच्या पडण्यास हंसणें क्रूर वाटेल. म्हणून आम्हांस तें पाहवत नाहीं, यांत दोष त्या नटीचा नाहीं.

शुभाबाईंना दूरचित्रवाणी मिळाली ती पंचावन्नाव्या वर्षानंतर. १९९३ मध्यें ‘ज़बान संभालके’ ही मालिका दूरदर्शनवर आली. ‘माइंड युअर लँग्वेज’ या इंग्रजी मालिकेच्या धर्तीवर रचलेली ही गोष्ट, हिंदी शिकावयास आलेल्या नाना भाषांच्या विद्यार्थ्यांची. पंकज कपूर शिक्षक, आणि संस्थेच्या कडक प्रमुख मिस दीक्षित म्हणजे शुभा खोटे; बंधु विजू खोटे आणि कन्या भावना बलसावर हींहि त्याच वर्गांत विद्यार्थी. त्या वेळीं आमच्या घरीं सगळे एकत्र बसून ती पाहत असूं, आणि विनोद शब्दांचा आहे अशीच माझी समजूत होती. आतां पुन्हां पाहतां ध्यानांत येतें तें निराळें. इतर सर्व बोलून हंसवितात. ही बाई उभी राहून हंसविते. वर्गांत गोंधळ माजला आहे आणि प्रमुख बाई दारांत उभ्या आहेत; मान ताठ, खांदे सरळ, हालचाल जवळ जवळ नाहींच. तरुणपणीं जिनें वेग साधला तिनें उतारवयांत स्थैर्य साधलें. ज्याला धांवतां येतें त्याच्या उभें राहण्यांतहि धार असते.

पुढची पिढी आतां या वाटेनें निघाली आहे. निर्मिती सावंत यांनीं ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ या मराठी मालिकेंत स्त्रीला मालिकेच्या केंद्रस्थानीं आणून हंसविण्याचा पूर्ण भार तिच्यावर टाकला. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्यें विशाखा सुभेदार व नम्रता संभेराव यांची कामें पाहिलीं तर चाल, लकब आणि मुद्रा यांच्यावरील त्यांची हुकमत सहज दिसते. पुरुषानें साडी नेसण्याचा प्रघातहि चालूच आहे, आणि भाऊ कदम यांच्यासारखा समर्थ नट तो करी तेव्हां हंसूं आवरत नसे. तो बंद व्हावा असें मी म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, एखाद्या नटीच्या जाडीवर वा रंगावर हंसविणारें वाक्य लेखकाच्या लेखणींतून उतरूं लागलें, तर त्यानें क्षणभर थांबून स्वतःस विचारावें: या बाईला करावयास मीं कांहीं दिलें आहे काय, कीं तिनें नुसतें असावें एवढीच माझी अपेक्षा आहे?

टीकाकारासहि हाच प्रश्न लागू आहे. त्या दिवशीं मीं एका मुलीचा देह पाहिला. तिनें केलेलें काम पाहिलें नाहीं. नसलेला गुंड डोक्यावर असतांना मानेचा ताठरपणा, नसलेला फोन निसटूं नये म्हणून वर आलेला खांदा, आणि पाय सुटल्यावरहि डोक्यावरचा हात न सोडण्याचा हट्ट, हें सर्व मला आतां आठवतें. त्या वेळीं तें माझ्या डोळ्यांसमोर होतें, तरी दिसलें नाहीं. मुलगा असता तर मीं काय लिहिलें असतें? ‘अंगावर उत्तम ताबा’ असें लिहिलें असतें, यांत मला शंका नाहीं.

गुणपत्रिका आतां बदलतां येत नाहीं. या वर्षींच्या स्पर्धेसाठीं मला पुन्हां बोलावणें आलें होतें. मीं तें नाकारलें, कारण पूर्वींच्या निकालाची भरपाई करण्याच्या इच्छेनें दिलेले गुण हेहि खरे गुण नव्हेत. प्रेक्षकांत पुढच्या रांगेंत एक जागा मात्र मागून घेतली आहे. त्या मुलीनें पुन्हां नांव दिलें आहे. या खेपेस ती बाजाराच्या दिवशीं कळमेश्वरच्या बस स्थानकावर गर्दींत एस. टी.मध्यें शिरणाऱ्या बाईचा प्रवेश करणार आहे, असें ऐकतों.